कशाला पाहिजे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. या म्हणीत पोलीस ठाण्याचा उल्लेख कसा नाही, याचे मला लहानपणी नवल वाटे. पुढे वयपरत्वे उमजले की, ज्या पायरीवर कोणी आपण होऊन पाऊल ठेवीतच नाही, तिच्याविषयी म्हण तरी कशी व्हावी? कोर्टात मनुष्य जातो, ठाण्यात त्याला नेतात, अशी आमच्या घरची समजूत होती. माझ्या वडिलांची सायकल एकदा चोरीस गेली, तेव्हा "गेली ती गेली, आता तेथे जाऊन आणखी काही घालवावयाचे नाही," असे म्हणून ते स्वस्थ बसले. मी इतिहासाचा प्राध्यापक. महजर, करीने, फर्माने आणि कैफियती यांच्या आधारे गतकाळची सरकारे काय करीत होती, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांस सांगत आलो. पण चालू काळच्या सरकारच्या दप्तरातील एखादा चिठोरा आपणही मागून घ्यावा, असे पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत माझ्या मनात आले नव्हते. ते ज्या प्रसंगाने आले, त्यात माझी बाजू फारशी भूषणावह नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या महाविद्यालयातील शिपाई आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचे. त्यांना सारेजण मामा म्हणतात, मीही म्हणतो. या तालुक्याची एक मौज आहे. ज्या आंबेगावावरून त्यास नाव पडले, ते गाव धरणाच्या पाण्यात गेले. कचेऱ्या घोडेगावी, बाजारपेठ मंचरला, आणि नाव तेवढे बुडालेल्या गावाचे राहिले. कागदावर एक असते आणि जमिनीवर दुसरे, ही गोष्ट तिकडच्या माणसांस कोणी शिकवावी लागत नाही.

मामांचा भाचा नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात हमाली करी. वय तेवीस. डिसेंबर 2024 मध्ये एका रात्री काम आटोपून मोटारसायकलवरून परत येत असता पुणे-नाशिक महामार्गावर मागून आलेल्या एका वाहनाने त्याला उडविले आणि ते वाहन न थांबता निघून गेले. मुलगा जागीच गेला. मामा चार दिवस रजेवर होते. पाचव्या दिवशी कामावर आले आणि नेहमीप्रमाणे घंटा देऊ लागले. आम्ही प्राध्यापकांनी थोडी वर्गणी काढून दिली आणि आपापल्या तासांस गेलो.

मार्चच्या मध्यास एके दिवशी महाविद्यालय सुटल्यावर मामा माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. बरोबर त्यांची बहीण होती, त्या मुलाची आई. हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक शवविच्छेदनाचा अहवाल, एक शिधापत्रिका आणि मुलाचा फोटो. वकिलांनी तिला सांगितले होते की, नुकसानभरपाई मागावयाची तर ठाण्यातील कागद आणा. तीन महिन्यांत ती सात वेळा ठाण्यात जाऊन आली होती. वाडीपासून रस्त्यापर्यंत पायी, तेथून एस. टी.; एका खेपेस एका दिवसाची मजुरी बुडे आणि भाडे वेगळे. ठाण्यात कधी साहेब बंदोबस्तावर असत, कधी रायटर रजेवर असे, आणि कोणी भेटलेच तर तपास चालू आहे असे सांगे.

"कागुद मागितला का इचारत्यात, कशाला पायजे?" ती मला म्हणाली. "आता गुरुजी, म्या काय सांगू कशाला पायजे? प्वार गेलंय माझं."

त्या ठाण्याचे नाव मी देत नाही. त्यात विशेष असे काही नव्हते, आणि जे तेथे झाले ते कोठेही झाले असते.

मामांनी माझ्याकडे यावे याचे कारण उघड होते. मला इंग्रजी येते, कायद्याचे पुस्तक वाचता येते आणि माझ्यासारखा मनुष्य समोर उभा राहिला म्हणजे ठाण्यातील अंमलदार निदान खुर्ची पुढे करतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, हे मला तत्काळ सुचलेही. परंतु मी त्यांस म्हणालो काय, तर "थोडे थांबा, मी कोणाकडे तरी शब्द टाकून पाहतो." मी कोठेही शब्द टाकला नाही. माझ्या मुलाच्या पासपोर्टसाठी पोलिसांची पडताळणी त्या वेळी त्याच ठाण्यात अडकली होती. अशा वेळी त्या ठाण्याशी उगीच वाकडे कशाला घ्या, असा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो विचार आहे असे स्वतःशीही कबूल न करता परीक्षेच्या कामात गुंतलो. तीन आठवडे गेले. पडताळणीचा कागद पुढे गेल्याचे मुलाच्या फोनवर कळले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामांस हाक मारली. मामांनी काही विचारले नाही.

या तीन आठवड्यांचे मोल किती, हे मला नंतर कायदा वाचताना कळले. ज्या वाहनाने अपघात झाला ते सापडले असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावयाचा. आणि 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा. वाहन सापडलेच नसेल, तर मार्ग निराळा. अशा बेवारशी अपघातातील मृताच्या वारसांस केंद्र सरकारच्या 2022 च्या योजनेप्रमाणे दोन लक्ष रुपये मिळतात, आणि त्याचा अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे जातो. म्हणजे त्या बाईने कोणते दार ठोठवावे, हे एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते: वाहन सापडले की नाही? ते उत्तर ठाण्यातील एका फायलीत होते, आणि फाईल 'तपासात' होती.

कामास लागल्यावर पहिला धक्का मला माझ्या एका विद्यार्थ्याने दिला. त्याने खिशातून फोन काढला, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जाऊन जिल्हा, ठाणे, तारीख भरली, आणि पाच मिनिटांत त्या अपघाताची फिर्याद माझ्यापुढे धरली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये असा आदेश दिला आहे की, संवेदनशील गुन्हे सोडून बाकी प्रत्येक गुन्ह्याची प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर घालावी. अडचणीच्या जागी बहात्तर तासांपर्यंत सवलत. त्याप्रमाणे ती डिसेंबरपासून सर्व जगास दिसत होती. ज्या कागदासाठी ती बाई वाडीवरून सात वेळा चालत आली, तो न्यूयॉर्कमधील मनुष्यास अंथरुणात पडल्या पडल्या वाचता आला असता. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे, प्रथम खबरेची प्रत फिर्यादीस किंवा पीडितास विनामूल्य द्यावयाची असते, आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत त्यांस कळवावयाची असते. त्या बाईस तिच्या हक्काचे म्हणून जे मिळावयाचे होते, त्यासाठी माहितीच्या अधिकाराची गरजच पडावयास नको होती. पण हक्क पुस्तकात असतो आणि अर्जास पोहोच मिळते. ठाण्यातील दप्तरात पोहोच दिलेल्या कागदाचा धाक निराळा असतो, हे पुढे दिसून आले.

फिर्यादीत 'अनोळखी वाहन' एवढेच होते. तेव्हा अर्ज करणे भाग होते.

या कायद्याविषयी एक गोष्ट आम्हां पुणे जिल्ह्याच्या लोकांस ठाऊक असावयास हवी, ती बहुधा नसते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हा संपूर्णपणे अंमलात आला तो 12 ऑक्टोबर 2005 रोजी. त्या दिवशी विजयादशमी होती. आणि या कायद्याखालील देशातला पहिला म्हणून जो अर्ज नोंदला गेला आहे, तो पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. सीमोल्लंघनास याहून समर्पक जागा कोणी शोधूनही सापडली नसती. तत्पूर्वी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होताच, अण्णा हजारे यांच्या उपोषणांनी तो लोकांच्या कानांवरही गेला होता. पण अर्ज घेऊन मनुष्य जावयाचा तो नगरपालिकेत, तहसील कचेरीत, फार तर बांधकाम खात्यात. पोलिसांच्या दारात तो घेऊन जाणारा गृहस्थ कोणत्या मनःस्थितीत त्या पायऱ्या चढला असेल, याची कल्पना मला आता थोडीशी करता येते.

त्या कायद्याचे सहावे कलम मी वाचले तेव्हा त्यातील एका वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. माहिती मागणाऱ्याने ती का मागितली याचे कोणतेही कारण देणे आवश्यक नाही, आणि त्याच्याशी संपर्क साधण्यापुरता पत्ता सोडून त्याची वैयक्तिक हकीकत त्यास विचारता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. बाकीची कलमे वकिलांची आहेत: तीस दिवसांची मुदत, दिरंगाई केल्यास दिवसास अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड, अपिलांच्या पायऱ्या. पण हे एक वाक्य जणू त्या बाईसाठी लिहिले होते. "कशाला पाहिजे?" हा प्रश्न आमच्या राज्यकारभारात फार जुना आहे. ज्याच्याजवळ कागद असतो तो हा प्रश्न विचारतो, आणि ज्यास तो विचारला जातो त्याला आपण काही अपराध करीत आहोत असे वाटू लागते. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी केला, तो अद्याप पुस्तकांत आहे. त्यावर 2005 च्या कायद्याने मात केली आहे असे बाविसावे कलम सांगते. पण गुपिताची सवय पुस्तकांतून खोडली म्हणून टेबलावरून जात नाही.

आम्ही इतिहासवाले दर वर्षी विद्यार्थ्यांस नाणेघाटात नेतो. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेवर, कोकणात उतरणाऱ्या त्या वाटेवरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे: कोणत्या यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, याची यादीच्या यादी भिंतीवर कोरलेली. जुन्नरच्या भोवतालच्या लेण्यांतूनही कोणी कोणती जमीन दिली आणि तिचे उत्पन्न कोणत्या श्रेणीकडे ठेवले, हे दगडावर लिहून ठेविले आहे. वाचता येणारे तेव्हाही थोडेच असतील, आणि राणीने आपल्या तोट्याचा हिशेब कोरला असता की नाही याविषयी मला शंका आहे. तरी जकातीच्या वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिशेब मांडण्याची कल्पना या डोंगरांना नवी नाही, असे मी दर वर्षी मुलांस सांगत असे. या वर्षी ते सांगताना माझी मलाच थोडी शरम वाटली.

अर्ज लिहिताना निराळीच अडचण आली. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो. मी आजन्म दीडशे शब्दांत प्रस्तावनादेखील संपविलेली नाही. पहिल्या मसुद्यात मी न्याय, करुणा आणि नागरिकत्व यांविषयी इतके लिहिले की माहिती मागावयास जागाच उरेना. शेवटी मामा म्हणाले, "सर, गाडी गावली का नाय, एवढंच इचारा." त्याप्रमाणे चार गोष्टी मागितल्या: स्थळपंचनामा व मरणोत्तर पंचनामा यांच्या प्रती; वाहनाचा शोध लागला किंवा कसे, आणि लागला असल्यास त्याचा क्रमांक; तपासात आजवर केलेल्या कार्यवाहीची तारीखवार यादी. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले, बाईने अंगठा न उठविता सही केली (चार अक्षरे, पण तिने ती फार सावकाश व खोल दाबून काढली) आणि आम्ही तिघे ठाण्यात गेलो.

येथे भीतीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण माझी भीती पासपोर्टापुरती क्षुद्र असली तरी सर्वांची तशी नसते. याच जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे जमिनींच्या व्यवहारांतील गैरप्रकार या कायद्याच्या आधारे उजेडात आणणारे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरावयास गेले असता खून झाला. त्यांनी त्यापूर्वी पोलीस संरक्षण मागितले होते. उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतः होऊन दखल घेतली, तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. गेलेला मनुष्य काही आला नाही. माहिती विचारणे हे काम कागदाचे आहे असे आम्ही शहाणे लोक म्हणतो, पण कागदाच्या पलीकडे माणसे बसलेली असतात आणि त्यांची घरे, जमिनी, नोकऱ्या त्या कागदांत असतात.

आमच्यावर तसला काही प्रसंग आला नाही. अर्ज घेणारा तरुण शिपाई माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून नमस्कार केला, पोहोच दिली आणि बाहेर चहाच्या टपरीपर्यंत सोडावयास आला. तेथे तो जे बोलला ते मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवितो, कारण ठाण्याची बाजू सहसा कोणी लिहीत नाही. जानेवारीपासून त्यास आठवड्याची सुटी मिळाली नव्हती. फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवजयंतीचा बंदोबस्त, तो आटोपतो न आटोपतो तोच महाशिवरात्रीस भीमाशंकराच्या वाटेवर बंदोबस्त, मध्येच कोठे बिबट्या आला म्हणजे जमाव आवरावयास जावयाचे. एकेका अंमलदाराच्या माथी इतकी प्रकरणे की कोणते कोठवर आले हे त्याचे त्यालाच आठवत नाही. "आणि सर, कागदाचे रीम पण कधी कधी आम्हीच आणतो," तो म्हणाला. "झेरॉक्स मागतात लोक, ती कुठून द्यायची?" मला त्याचे म्हणणे खोटे वाटले नाही. पण बाई शेजारीच उभी होती, आणि बंदोबस्ताची ही सारी हकीकत तिने सात खेपांत आधीच ऐकलेली होती.

तीस दिवस भरावयास एक दिवस उरला असता उत्तर आले. तीन ओळींचे. तपास चालू असल्याने कलम 8(1)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.

ते कलम मी उघडून पाहिले. त्यात असे म्हटले आहे की, ज्या माहितीमुळे तपासात, अपराध्यांस पकडण्यात किंवा त्यांच्यावरील खटल्यात अडथळा येईल, ती देण्याचे बंधन नाही. सारा अर्थ 'अडथळा' या शब्दात आहे. तपास चालू असणे वेगळे आणि माहितीने त्यास अडथळा होणे वेगळे, दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 साली भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात (नावाने उगीच भलताच भास होतो, हे गृहस्थ निराळे) हेच सांगितले की, तपास चालू आहे एवढे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे दाखविले पाहिजे. हे कलम असू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. पोलीस कोणाच्या मागावर आहेत हे उद्या दहा रुपयांच्या तिकिटावर कळू लागले तर चोर पहिला अर्ज करील. गुप्तवार्तेच्या संस्थांसही कायद्याने वगळता येते, आणि तेही सर्वस्वी नव्हे: भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्क तुडविल्याचा आरोप असेल तेथे तो पडदा बाजूस सारावा लागतो. तक्रार आहे ती कुलपाविषयी नाही. प्रत्येक रिकाम्या पेटीसही तेच कुलूप घातलेले असते, याविषयी आहे.

वीस रुपयांचे तिकीट लावून आम्ही प्रथम अपील केले. सुनावणी मेच्या अखेरीस ठेवली होती. वरिष्ठ अधिकारी शांत प्रकृतीचे, वयाने माझ्याहून पुष्कळच लहान. त्यांनी माझे पाच मिनिटांचे व्याख्यान (मी अर्थात व्याख्यानच दिले) ऐकून घेतले आणि मग बाईकडे वळून विचारले, "ताई, तुमचं काय म्हणणं आहे?"

"गाडी गावली का?" ती म्हणाली.

त्यांनी फाईल मागविली, पाने उलटली, आणि बराच वेळ एका पानावर थांबले. नंतर ते ठाण्याच्या अधिकाऱ्यास म्हणाले, "यात लपवण्यासारखं काय आहे?" त्याने उत्तर दिले नाही. दोन्ही पंचनामे व कार्यवाहीची यादी आठ दिवसांत द्यावी असा हुकूम झाला, आणि तो पाळलाही गेला. अपघातास सहा महिने पूर्ण व्हावयास तेव्हा सहा दिवस उरले होते.

यादी एका पानाची होती. वाहन सापडलेले नव्हते. डिसेंबरात जवळच्या पेट्रोल पंपावरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण ताब्यात घेतले होते. त्यात टेम्पोचा क्रमांक अस्पष्ट. जानेवारीत दोन साक्षीदारांचे जबाब. 3 फेब्रुवारीस परिवहन कार्यालयास पत्र, की क्रमांकाची अमुक अक्षरे जुळणारी वाहने कळवावीत. त्यापुढे काहीच नाही. पत्रास उत्तर नाही, स्मरणपत्र नाही. ज्या महिन्यांत "तपास चालू आहे" म्हणून तिला परत पाठविले, ते महिने त्या पानावर कोरे होते. यादीतील शेवटची नोंद मात्र स्मरणपत्राची होती, आणि तिची तारीख आमच्या सुनावणीच्या दोन दिवस आधीची.

तिने ती यादी मला वाचावयास सांगितली. मी वाचली. "फेब्रुवारीनंतर काय लिवलंय?" तिने विचारले. मी सांगितले, मे लिहिला आहे. तिने पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा तेच सांगितले.

यानंतर जे घडले त्यासाठी मी तयार नव्हतो. जबाबांचा उल्लेख होता तेथे एका साक्षीदाराचे नाव काळ्या शाईने झाकलेले होते. कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे देण्याजोगा भाग द्यावा आणि न देण्याजोगा तेवढा वगळावा, आणि ज्या माहितीने एखाद्याच्या जिवास धोका होईल किंवा पोलिसांस गुप्तपणे खबर देणाऱ्याची ओळख पटेल ती राखून ठेवावी, हे मला ठाऊक होते. तिला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. "ह्यानं बघितलं," ती त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली. "ह्यानं टेम्पो बघितला. ह्याचं नाव मला पायजे." आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, ते दोन शब्द अर्धे बाहेर पडले. "कशाला—" एवढे म्हणून मी थांबलो.

मी तिला समजावून सांगितले की, ज्याने पाहिले तो पुढे साक्षीस यावयास हवा. त्याचे नाव आज वाडीवर आणि बाजारात फिरले तर टेम्पोवालाही ते ऐकेल. मग तो साक्षीदार कशाला उभा राहतो? हे खरे आहे, आणि मी आजही ते खरेच मानतो. परंतु दोन महिने ज्या शाईविरुद्ध मी अर्ज खरडले, त्याच शाईची वकिली त्या ओसरीवर मला करावी लागली. तिला पटले की नाही कोण जाणे. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मामांस म्हणाली, "चल, गाडी जाईल." एस. टी. बद्दल म्हणाली ती.

दोन लक्षांच्या योजनेचा अर्ज कागदांसह जूनमध्ये दाखल झाला आहे. तो कोणत्या टेबलावर आहे, हे विचारण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागेल असा रंग दिसतो. परिवहन कार्यालयाकडून ठाण्यास काही वाहनांची यादी आल्याचे मामांनी कोठून तरी ऐकून येऊन सांगितले. म्हणजे टेम्पो सापडण्याची आशा सर्वस्वी गेलेली नाही, आणि तो सापडला तर मुदत, विलंब, माफी यांचे दुसरेच प्रकरण वकिलांपुढे उभे राहील. त्यात माझे तीन आठवडे कोठे बसतात, याचा हिशेब मी अधूनमधून करून पाहतो. मामांजवळ मी ती पासपोर्टाची गोष्ट गणपतीच्या दिवसांत एकदा बोललो. ते म्हणाले, "मला म्हाईत व्हतं, सर. पोरगं गेलं का मग परदेशी?" मी होय म्हणालो.

गेल्या महिन्यात रात्री नवाच्या सुमारास दारावर थाप पडली. तो माझा जुना विद्यार्थी, शिपाई, साध्या वेषात. इकडचे तिकडचे बोलणे झाले, पत्नीने चहा दिला. मग त्याने हळूच सांगितले की, बदल्यांच्या यादीत त्याचे नाव दोन वर्षे वर असूनही खालच्यांच्या बदल्या झाल्या आहेत. आई गावी एकटी, आजारी. तोंडी विचारले तर वरचे लोक ओरडतात. ज्येष्ठतेची यादी आणि त्यावरील टिपणी मागण्याचा अर्ज मी लिहून द्यावा. आपल्याच खात्याकडे, आपल्याच नावाने.

मी कागद घेतला. त्याने खिशातून दहा रुपयांचे तिकीट काढून टेबलावर ठेवले. ते त्याने येतानाच आणले होते.

"सर," तो म्हणाला, "यात कारण लिहावं लागतं का?"

"नाही."

"पण विचारलं तर? कशाला पाहिजे म्हणून?"

मी चष्मा पुसला आणि शब्द मोजीत अर्ज लिहावयास घेतला.